कार्यानुभवाचा तास

मालवण तालुक्यातील कट्टा गावच्या बाजारपेठेत घटकाभर उभे राहा. फवारणीचा पंप अडला, विहिरीवरची मोटर बंद पडली, की माणूस कोणाला शोधतो? हाताचे काम जाणणाऱ्याला. पण त्याच माणसाला म्हणा, 'तुमच्या मुलाला शाळेत हेच शिकवू', की उत्तर येते, 'मगे शाळा कित्याक व्हयी?'

या प्रश्नाशी धंदेशिक्षणाचे शिक्षक किती काळ झगडत आहेत! १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी नई तालीम मांडली. उद्योगातूनच सारे शिक्षण द्यावे, हा तिचा गाभा. १९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचविले. आता २०२० चे राष्ट्रीय धोरण सांगते, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे.

शिक्षकांचा याला विरोध आहे काय? मुळीच नाही. धोरणात उद्धृत केलेल्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या कामकरी मंडळींत औपचारिक धंदेशिक्षण मिळालेले आपल्याकडे शेकडा ५ हूनही कमी होते. जर्मनीत शेकडा ७५. गरज त्यांना पुरती पटलेली आहे.

त्यांचे म्हणणे निराळे आहे. रंधा फळ्यावर शिकविता येत नाही. लाकूड हवे, धारेचे हत्यार हवे, आणि एका वेळी मुले थोडी हवीत. परीक्षा जवळ आली, की कार्यानुभवाचा तास गणिताकडे जातो. शिवाय असे प्रशिक्षक पुष्कळदा संस्थांमार्फत, कराराने नेमले जातात. पुढल्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो पालकांना 'तीन वर्षं धीर धरा' असे कोणत्या तोंडाने सांगणार? नाव बदलले, तास तोच राहिला, अशी त्यांची खंत आहे.

आपल्या जिल्ह्यात कणकवलीस आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम उभारला. सफाईचे, मेलेल्या जनावराचे कातडे सोडविण्याचे काम त्यांनी स्वतः केले. कामाची प्रतिष्ठा परिपत्रकाने येत नाही. ती करणाऱ्याला मान दिल्याने येते.

म्हणून पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: हाताचे काम कोण शिकवितो? त्याच्यापाशी हत्यारे आहेत का? आणि पुढच्या वर्षी तो असणार आहे का? सुधारणा शाळेपर्यंत पोचली की नाही, ते तुम्हांला तिथेच कळेल.