परिचारिकेचे ज्ञान आणि अधिकार
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु हरसूलच्या बाजारपेठेत आयुष्य गेलेल्या माणसास एवढे निश्चित कळते की, पाड्यावरील रुग्णाला बहुधा प्रथम भेटते ती उपकेंद्रातील नर्सबाई, डॉक्टर नंतर. म्हणून तिला काय येते आणि काय करण्याची मुभा आहे, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढून तिला झटके येऊ लागले, तर मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासच जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनची पहिली मात्रा देऊन तिला पुढे पाठविण्याची मुभा केंद्र शासनाच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रशिक्षित एएनएम भगिनींना दिली. परंतु जे इंजेक्शन वर्षानुवर्षे हाती धरलेच नाही, ते आणीबाणीच्या क्षणी देण्यास हात कसा धजावा? उजळणीवाचून अधिकार निरुपयोगी, आणि अधिकारावाचून ज्ञान पांगळे!

आपल्या महाराष्ट्राने याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. जामखेड येथे 1970 पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना एकदाच शिकवून सोडून दिले नाही, पुनःपुन्हा बोलावून शिकविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बालकांवर घरीच उपचार करण्यास शिकविले, प्रतिजैविकाचे इंजेक्शनसुद्धा त्यांच्या हाती दिले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. खेड्यातील स्त्रीला जे साधले, ते नोंदणीकृत परिचारिकेला का साधू नये?

अधिकार म्हणजे डॉक्टरांना डावलणे नव्हे. आपण पेढीवरील मुनीमास ठरावीक मर्यादेपर्यंत व्यवहाराची मोकळीक देतो आणि हिशेबही पाहतो. मर्यादा स्पष्ट, मोकळीक खरी आणि तपासणी नियमित, हीच रीत येथेही हवी.

भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 150 तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा ठेवली. परंतु हे तास रजा खर्चून व पदरमोड करून भरावे लागले, तर प्रमाणपत्र जमते, विद्या जमत नाही.

आपल्यापैकी अनेक जण दवाखान्यांना उदारहस्ते देणगी देतात. इमारतीवर नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. परंतु देणगी देताना एवढे अवश्य विचारावे : येथील परिचारिकांना वर्षातून किती दिवस, भरपगारी, शिकण्यास पाठविता? त्या दिवसांचा खर्च आपण उचलावा. आपल्या परंपरेत औषधदान आणि ज्ञानदान ही वेगवेगळी दाने सांगितली आहेत. येथे ती दोन्ही एकाच रुपयात घडतात.

जय जिनेंद्र!