भाड्याचें घर



‘घर पाहावें बांधून’ या म्हणीनें आपल्या समाजावर मोठा अधिकार गाजविला आहे. घर बांधणें किती कठीण असतें, एवढेंच सांगण्यासाठीं ती म्हण जन्मास आली. पुढें मात्र तिचा रोख पालटला, आणि ज्यानें स्वतःचें घर केलें नाहीं त्याचा संसार कोठें तरी अपुरा राहिला, असें तिच्या जोरावर लोक समजूं लागले. मी सहासष्ट वर्षांचा आहें आणि आजवर एकाही दारावर मालक म्हणून माझें नांव लागलेलें नाहीं. लग्नकार्यांत नवा सोयरा भेटला, कीं गांव कोणतें, मुलें काय करतात, हें विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला: “ब्लॉक स्वतःचा का?” पूर्वीं मी या प्रश्नाला वळसा घालीत असें. अलीकडे सरळ सांगतों, “नाहीं, भाड्याचा.” त्यावर क्षणभर जी शांतता पसरते, त्या शांततेंत मला जें बोलावेंसें वाटतें तें आज येथें बोलतों.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतून पाणी शिरलें. माझ्या आईवडिलांचें बिऱ्हाड ज्या वाड्यांत होतें, तो मातीच्या भिंतींचा वाडा त्या पाण्यांत बसला. मी तेव्हां दोन वर्षांचा होतों. मला आठवतें तें सारें ऐकीव आहे. नदीपासून दूरच्या पेठेंत, दुसऱ्या एका वाड्याच्या माडीवर, दोन खोल्या मिळाल्या. भाडें महिना चौदा रुपये. चौकांत एक नळ, मागील बाजूस सामाईक संडास, आणि सात बिऱ्हाडें. वाड्याच्या मालकीणबाईंना आम्ही सारे माई म्हणत असूं. पांच तारखेस त्या जिना चढून येत, उंबऱ्यापाशीं टेंकत आणि चहा घेत. वडील चौदा रुपये पुढें ठेवीत, पण हात मात्र पैशांवरून उचलीत नसत. माईंनीं पावती लिहून दिली, कीं मग हात उचलला जाई. ती पावती तत्क्षणीं खळ लावून एका वहींत चिकटविली जाई. “पावतीवांचून दिलेलें भाडें म्हणजे विहिरींत टाकलेला रुपया,” असें ते म्हणत. माईंना या रीतीचा राग आलेला मीं कधीं पाहिला नाहीं. त्या वहीची आठवण श्रोत्यांनीं ठेवावी. पुढें मला ती नको तेव्हां विसरली.

चौदा रुपयांत दोन खोल्या, हें ऐकून आजच्या तरुणांना हेवा वाटेल. परंतु माईंची बाजूही सांगितली पाहिजे. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं होतीं. युद्धानें महागाई आणि घरांची टंचाई वाढविली होती. भाडेकरूला रस्त्यावर येऊं न देणें हा त्या कायद्याचा हेतु योग्यच होता. पण भाव वाढत गेले आणि भाडें जागच्या जागीं उभें राहिलें. सात बिऱ्हाडांचें वर्षाचें भाडें एकत्र केलें तरी माईंच्या हातून पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळून होत नसत. आम्ही माडीवर पातेलीं मांडून गळती झेलीत असूं आणि माईंना दोष देत असूं. दोष माईंचा नव्हता, हें समजावयास मला स्वतः चाळिशी गांठावी लागली. १९९४ सालीं वाडा पडून इमारत उभी राहिली. भाडेकरूंपैकीं कोणीं नव्या इमारतींत खोली घेतली, कोणीं पैसे. वडिलांच्या दुखण्यांत आम्हांस पैशांची गरज होती. आम्हीं पैसे घेतले.

तेव्हांपासून आम्ही ज्या प्रकारें राहतों, त्याला कायद्याच्या भाषेंत ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. माझे वडील भाडेकरू होते. मी केवळ परवानगीनें राहणारा आहें. हा भेद नुसता शब्दांचा नाहीं. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें जुन्या धर्तीच्या भाडेकरूचें भाडें वर्षास शेंकडा ४ इतकें वाढवितां येतें आणि त्याला सहजासहजीं उठवितां येत नाहीं. उलट परवानगीनें राहणाऱ्याची मुदत संपली कीं त्यानें जागा सोडावयाची. न सोडल्यास दुप्पट रक्कम भरण्याची पाळी येते. ऐकावयास हें कठोर वाटतें. पण याच तरतुदीमुळें मालकाला आपली जागा परत मिळण्याचा विश्वास वाटतो, आणि कुलूप लावून ठेवलेले ब्लॉक भाड्यानें निघतात, हेंही खरें आहे.

आतां त्या वहीकडे येतों. २००३ सालीं शाळा जवळ पडावी म्हणून आम्हीं दोन खोल्यांचा एक ब्लॉक घेतला. मालक शेजारच्याच इमारतींत राहणारे, बोलण्यांत गोड. पंधरा हजार रुपये अनामत ठेवावयाचे ठरलें. मुद्रांकाच्या कागदावर अकरा महिन्यांचा करार टंकलिखित होऊन आला. मीं विचारलें, “याची नोंदणी?” ते हंसले. “मास्तर, अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाहीं. वर्षाच्या आंतलें काम आहे.” वर्गांत मुलांच्या प्रत्येक उत्तराला “कशावरून?” म्हणून विचारणारा मी, पण त्या दिवशीं तो एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाहीं. पुढचें सारें त्याच वळणानें गेलें. भाडें दरमहा हातांत दिलें, पावती मागितली नाहीं. शेजाऱ्याकडे पावती मागावयाची म्हणजे अविश्वास दाखविल्यासारखें होईल, असें वाटे. अकरा महिने संपले तेव्हां नवा करार तोंडींच झाला. २००६ च्या मे महिन्यांत आम्हीं जागा सोडली. रंगाचा खर्च, मोरीची फरशी, विजेचें मागील बिल, असा हिशेब सांगून मालकांनीं माझ्या हातावर दोन हजार रुपये ठेवले.

त्या पंधरा हजारांतून मुलीची महाविद्यालयाची पहिल्या वर्षाची फी भरावयाची होती. मीं घरीं येऊन झालें तें सांगितलें. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं हातांतील एक बांगडी काढून दिली. ती पुन्हा घडविणें आजतागायत झालेलें नाहीं.

चार वर्षांनीं माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां वकिली करतो, घरीं आला असतां सहज हा विषय निघाला. त्यानें मला त्या कायद्याचें ५५ वें कलम वाचून दाखविलें. भाड्याचा असो वा परवानगीचा असो, प्रत्येक करार लेखी झाला पाहिजे आणि नोंदला गेला पाहिजे. अकरा महिन्यांची सवलत त्यांत कोठेंही नाहीं. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. याहून आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. करार नोंदलेला नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें ग्राह्य धरावें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, असें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे ज्या कागदाच्या उणिवेमुळें मी गप्प बसलों, ती उणीव माझ्या बाजूची होती! माझें म्हणणें काय आहे, हें मीं कोणापुढें मांडलेंच नव्हतें.

म्हणून ज्यांना आज जागा घ्यावयाची आहे, त्यांना मी सर्वांत आधीं नोंदणीचें सांगतों. खर्चाचा बाऊ करूं नये. समजा, भाडें महिना २२,००० रुपये, अनामत ६०,००० आणि मुदत अकरा महिने. भाड्याचे झाले २,४२,०००. अनामतीवर वर्षास शेंकडा १० प्रमाणें व्याज धरतात. अकरा महिन्यांचें तें ५,५०० होतें. दोहोंच्या बेरजेवर शेंकडा पाव टक्का मुद्रांकशुल्क, म्हणजे ६१९ रुपये. नोंदणीची फी शहरांत १,००० रुपये. दोन हजारांच्या आंत काम होतें. तें आतां संगणकावरून, घरबसल्या, अंगठ्याचा ठसा देऊन करतां येतें. भाडें बँकेंतून द्यावें. वडिलांच्या वहीचें काम आतां बँकेचें पासबुक करतें.

जागा पाहावयास जातांना दलाल आपणांस दुपारीं नेतो, कारण दुपारीं उजेड चांगला असतो आणि शेजारी कामावर गेलेले असतात. आपण मात्र सकाळीं पाण्याच्या वेळेस पुन्हा एकदां जावें आणि वरच्या मजल्यावर नळ सोडून पाहावा. शक्य तर पावसाळ्यांत जागा पाहावी. नव्या रंगाखालची ओल श्रावणांत लपत नाहीं. राहावयास जाण्यापूर्वीं प्रत्येक खोलीचीं छायाचित्रें घ्यावीं आणि विजेच्या मीटरचा आंकडा मालकासमक्ष लिहून ठेवावा. सोडतांना रंग कोणीं द्यावयाचा, मुदतीपूर्वीं निघावयाचें झाल्यास किती दिवसांची सूचना, हें करारांत शब्दशः असावें. सोसायटीनें भाड्याच्या जागेवर अधिक आकार मागितला, तर सेवाशुल्काच्या शेंकडा १० हून तो अधिक असतां कामा नये, असा २००१ सालचा सरकारी आदेश आहे. तो आकार कोणीं भरावयाचा तेंही आधींच ठरवावें. पोलिसांना द्यावयाच्या माहितीचें टाळूं नये.

एवढ्या कटकटी सांगितल्यावर यांत सुख तें कोणतें, असें कोणी विचारील. पहिलें सुख हिशेबाचें. आम्ही राहतों त्या ब्लॉकची किंमत मालक ऐंशी लाख सांगतात. आम्ही वर्षास २,६४,००० रुपये देतों. म्हणजे किमतीच्या शेंकडा साडेतीनहूनही कमी. एवढी रक्कम कर्जाऊ काढली असती तर व्याजच याच्या दुपटीहून अधिक झालें असतें. अर्थात् भाडें दरवर्षीं वाढतें आणि निवृत्तिवेतन त्या वेगानें वाढत नाहीं, हें मी जाणतों. शिवाय वृद्ध जोडप्याला जागा देतांना मालक कांकूं करतात, हा अनुभव मला या वर्षींच आला. एका गृहस्थांनीं तर माझ्या प्रकृतीची चौकशी एखाद्या वैद्याच्या बारकाईनें केली. दुसरें सुख म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला मला जातां येत नाहीं. लिफ्टच्या खर्चावरून रात्रीं अकरापर्यंत चाललेली भांडणें मी दार लावून ऐकतों आणि निजतों. तिसरें सुख बायकामंडळींना अधिक कळेल. पांच घरें बदलल्यामुळें आमच्या स्वयंपाकघरांत मालवणची सोलकढी आणि धारवाडकडचीं कडबोळीं आलीं. त्या त्या शेजारणी अजून संक्रांतीला येतात. माळ्यावर साठलेलें निरुपयोगी सामान दर पांच वर्षांनीं आपोआप निम्मे होतें, तें निराळेंच. एकदां वेताळ टेकडीकडे तोंड असलेली खिडकी मिळाली होती. विकत घ्यावयाची म्हटली असती तर ती माझ्या सात पिढ्यांना परवडली नसती, पण मीं ती तीन वर्षें उपभोगिली.

मला भाड्याच्या घराचें खरें दुःख पैशांचें वाटलें नाहीं. तें खिळ्याचें वाटलें. वाडा सोडल्यानंतरच्या पहिल्याच जागेंत मालकांची सक्त ताकीद होती, “भिंतीला खिळा ठोकावयाचा नाहीं.” वडील त्याच वर्षीं गेले होते. त्यांची तसबीर चार वर्षें कपाटावर भिंतीला टेंकून उभी होती. दार जोरानें लागलें कीं ती घसरे, आणि आई उठून ती नीट करी. दिनदर्शिका खिडकीच्या गजाला, घड्याळ टेबलावर. आपण येथें पाहुणे आहों, हें दिवसांतून दहा वेळां कळावयाला तेवढें पुरेसें होतें.

२००६ सालीं आम्ही ज्या बाईंच्या जागेंत गेलों, त्यांनीं किल्ली देतांना पिशवींतून एक हातोडी काढली आणि सौभाग्यवतींच्या हातीं दिली. “तसबिरी असतीलच तुमच्या. हव्या तेथें लावा. जातांना भोकें बुजवून द्या म्हणजे झालें,” असें त्या म्हणाल्या. त्या जागेंत आम्ही नऊ वर्षें राहिलों. आईनें शेवटचे दिवस त्याच भिंतींकडे पाहत काढले, आणि तिची तसबीरही वडिलांच्या शेजारीं त्याच हातोडीनें लागली. निघतांना मीं आठ भोकें स्वतः चुन्यानें बुजविलीं. अनामत बाईंनीं त्याच संध्याकाळीं पुरी परत केली.

आतांच्या मालकांचा मुलगा परदेशांतून परत येत आहे. त्यांना जागा हवी आहे आणि ती त्यांचीच आहे. येत्या महिन्याच्या १ तारखेस आम्ही दोघें दोन चौक पलीकडे राहावयास जात आहों. करार परवां नोंदला. त्याचा मसुदा मीं तीन वेळां वाचला आणि वकील विद्यार्थ्याकडून एक कलम मुद्दाम घालून घेतलें. नव्या मालकांना त्याचें हंसूं आलें, पण त्यांनीं मान्य केलें. त्यांत लिहिलें आहे कीं, राहणाऱ्यास बैठकीच्या खोलींत भिंतीला चार खिळे मारण्याची मुभा आहे.