वीरगळ आणि पोलिसांचा स्तंभ



दर 21 ऑक्टोबरला सकाळी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोलीस मुख्यालयांत एक संचलन होतं. कोल्हापुरातही होतं. ‘शोक शस्त्र’ असा हुकूम सुटतो, बंदुका उलट्या होतात, कर्तव्य बजावताना वर्षभरात देशभर मरण आलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात आणि हवेत फैरी झडतात. हे वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असं धरतात. तारीख आली आहे ती 1959 सालच्या लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जवरून. तिथे चिनी सैन्याच्या माऱ्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले. समारंभाला अधिकारी असतात, निमंत्रित असतात, मृतांच्या घरची माणसं असतात. गाव मात्र नसतं. भिंतीपलीकडून दूध घालायला निघालेल्या माणसाला फैरींचा आवाज येतो, पण तो कशाचा हे विचारावं असं त्याला वाटत नाही.

पोलिसांचं स्मारक असावं की नसावं, असलं तर चौकात की आवारात, पुतळा की नुसती नावं, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो आणि विझतो. दिल्लीचं उदाहरण घ्या. चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक म्हणून दीडशे फुटी पोलादी मनोरा उभा राहत होता. पर्यावरणाच्या मुद्द्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2008 साली तो पाडावा लागला. त्यानंतर त्याच जागी तीस फुटी ग्रॅनाइटची अखंड शिळा आली, तिच्याजवळ नावांची भिंत आली, आणि 2018 च्या 21 ऑक्टोबरला उद्‌घाटन झालं. त्या वेळी भिंतीवर स्वातंत्र्यानंतरच्या 34,844 पोलिसांची नावं कोरलेली होती. आकडा एवढा मोठा झाला की त्यातला माणूस दिसेनासा होतो, हे माझं त्या भिंतीबद्दलचं मत.

पण आपल्याकडचं दुखणं निराळं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हुतात्मा म्हटलं की गारगोटी आठवते. 13 डिसेंबर 1942 ला क्रांतिकारकांनी तिथल्या कचेरीवर हल्ला केला, उद्देश खजिना लुटण्याचा. पोलिसांच्या गोळीबारात करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि त्यांचे साथीदार असे सात जण गेले. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली ती दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून. मुंबईचा हुतात्मा चौक पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेल्यांचाच. आपल्या स्मारकांच्या गोष्टीत पोलीस नेहमी बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग त्याचा स्वतःचा स्तंभ मुख्यालयाच्या आवारात राहिला, यात नवल काय? चौकातल्या जागा आधीच भरलेल्या होत्या, आणि भरणारे त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले होते.

उत्तर प्रदेशातल्या चौरीचौऱ्यात ही अडचण दगडात दिसते. फेब्रुवारी 1922 मध्ये जमावाने ठाणं पेटवलं, वीसहून अधिक पोलीस मेले. इंग्रजांनी त्यांचं स्मारक बांधलं. खटल्यात एकोणीस जणांना फाशी झाली, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांचंही स्मारक झालं. पोलिसांचं स्मारक कोणी पाडलं नाही, त्यावर पुढे ‘जय हिंद’ कोरलं गेलं. मेलेले पोलीस हिंदीच होते, पोटासाठी नोकरी करणारे. त्यांच्याबद्दल काय म्हणावं हे आजही कोणाला नीट ठरवता आलेलं नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर हे बदलेल असं वाटलं होतं. त्यात पडलेल्या करकरे, कामटे, साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांची नावं घरोघर पोचली. त्याहून खोल गेलं ते तुकाराम ओंबळे यांचं नाव. हातात फक्त लाठी असलेले सहायक फौजदार, सैन्यातली नोकरी करून पोलिसांत आलेले. गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाब या दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही, म्हणून तो जिवंत हाती लागला. चौपाटीवर आज त्यांचा पुतळा आहे. मात्र त्या हल्ल्यातल्या पोलिसांचं स्मारक, जे मरीन ड्राइव्हवर पोलीस जिमखान्यात होतं, ते सागरी किनारा रस्त्याच्या कामामुळे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्तालयात हलवलं गेलं. म्हणजे समुद्रकाठच्या वाटेवरून पुन्हा कचेरीच्या फाटकाआत. गैरसोय झाली की सगळ्यात आधी हेच हलतं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. ते म्हणतात, पगार घेऊन केलेली नोकरी, त्याचं स्मारक कशाला? हा आक्षेप मला फार जड वाटत नाही, कारण नळी धरून ठेवण्याचा पगार कोणी देत नाही. दुसरा आक्षेप जड आहे. 2017 साली शेजारच्या सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला, आणि खुनाचा गुन्हा पोलिसांवरच नोंदला गेला. अशा खात्याला चबुतऱ्यावर चढवायचं का, असं कोणी विचारलं तर त्याला देशद्रोही म्हणून गप्प करता येणार नाही. म्हणूनच मला वाटतं, स्मारक खात्याचं करूच नये. माणसाचं करावं, आणि तो कसा मेला ते त्यावर लिहावं.

लंडनमध्ये असं घडलं आहे. 1984 साली लिबियाच्या वकिलातीसमोर इव्हॉन फ्लेचर ही तरुण पोलीस शिपाई गोळी लागून मेली. मायकेल विनर नावाच्या चित्रपट दिग्दर्शकाने त्यासाठी एक न्यास काढला आणि ती पडली त्याच जागी, फुटपाथच्या कडेला, छोटा दगड बसवला. मग ठिकठिकाणी तसे दगड आले. देशाचं मोठं स्मारक 2005 साली झालं, वीसेक वर्षांनी. आधी जागा, मग राजधानी.

आपल्याला इतकं लांब जायचं कारण नाही. करवीर तालुक्यातल्या बीड गावात जाऊन वीरगळ पाहा. खालच्या चौकटीत लढाई, काही ठिकाणी सोडवलेली गुरं, वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावची गुरं राखताना पडलेल्या माणसाचं स्मारक गावाने आपल्या हद्दीत, देवळाजवळ उभं केलं. राजधानीत पाठवलं नाही. फक्त एक उणीव राहिली. बहुतेकांवर नाव नाही, म्हणून आज आपण त्यांना शेंदूर फासतो किंवा पायरीला लावतो.

त्या दृष्टीने सातारा जिल्ह्यातल्या केडंबे या ओंबळ्यांच्या मूळ गावी स्मारक होतंय ते जागेच्या हिशेबाने योग्यच आहे. राज्य सरकारने त्यासाठी 13 कोटी 46 लाख रुपये मंजूर केले आहेत. एवढ्या रकमेची गरज होती का, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते दहा गावांत दहा दगड त्याहून कितीतरी कमी पैशांत बसतील, पण ज्या गावाने माणूस दिला त्या गावात काम होतंय याला माझा पाठिंबा आहे.

आता खरी कटकट. दगडावर कोणाचं नाव घालायचं? गडचिरोलीत 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने पोलिसांना नेणारी गाडी उडाली. पंधरा जवान गेले आणि त्यांच्यासोबत खासगी गाडीचा चालकही गेला. चालक पोलीस नव्हता. आणखी एक प्रश्न, कोविडच्या बंदोबस्तात संसर्ग होऊन गेलेल्या शिपायाचा. मृत्यू तापाने झाला, पण ड्युटीवरच ना? खात्याच्या यादीला नियम लागतात, तसे ते असावेतही. ग्रामसभेला ते नियम लागू नाहीत. ठराव करायचा, नाव, तारीख आणि काय घडलं त्याच्या चार ओळी लिहायच्या, घरच्यांना दाखवायच्या. ते नको म्हणाले तर विषय तिथेच संपवायचा. आणि हो म्हणाले तर त्या चालकाचंही नाव घालायचं.