वाघाची मावशी आणि दारचा राखणदार
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आपल्या मराठवाड्यातला कारवानी कुत्रा पाहिलाय ना? खांद्यापाशी सव्वादोन फूट उंच, वजन 20 ते 30 किलो. घरातली मांजर 3 ते 5 किलोची, उंची जेमतेम 10 इंच. पण तोरा कुणाचा मोठा? मावशीचाच!

कुत्रा मूळचा कळपातला, म्हणून माणसाच्या शब्दाकडे कान लावून असतो. मांजर एकटीनं शिकार करणारी. धान्यातल्या उंदरांमागे माणसाजवळ आली. आपल्या धाराशिवकडेही ज्वारीच्या कणगीपाशी ती हवीच असायची. हाक तिला कळते, यायचं की नाही ते मात्र ती ठरवते!

पण एक लक्षात ठेवा. मांजर लहान, म्हणून तिचा चावा किरकोळ नसतो. रेबीज मांजरीपासूनही होतो, आणि लक्षणं दिसल्यावर इलाज जवळजवळ नाहीच. आपण कुत्र्याला लस टोचतो, मांजरीचं राहून जातं. दोघांनाही वेळच्या वेळी टोचून घ्या. मुलांनो, मांजर चावली, बोचकारली तर घरी लपवू नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.