नंबर लागला नाही तर?



‘विद्यार्थ्यांची चिंता’ हा विषय मजकडे आला तेव्हा अभ्यासाचे वेळापत्रक, प्रातःकाळी उठण्याचे लाभ, मनाची एकाग्रता वगैरे नेहमीच्या गोष्टी मांडाव्यात असा माझा बेत होता. त्या गोष्टी खोट्या नाहीत. परंतु त्या आपण इतक्या वेळा ऐकल्या आहेत की, मी बोलू लागताच आपल्यापैकी निम्म्यांनी तरी रेडिओचा कान पिळला असता. माझा बेत मोडला तो आमच्या शेजारच्या एका मुलीने.

मी छावणीत राहतो. दर गुरुवारी आमच्याकडे आठवडी बाजार भरतो, आणि त्या दिवशी सायंकाळपर्यंत घरात बसून लिहिणे-वाचणे अशक्यच असते. अशाच एका गुरुवारी, बाजार उलगत असता, ही मुलगी एक घडी घातलेला कागद घेऊन आली. ती बारावीत आहे. तिला डॉक्टर व्हावयाचे आहे, आणि तेही घाटीतच शिकून. येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय यांस सारे गाव घाटी म्हणते. तिच्या घरापासून ते हाकेच्या अंतरावर नसले तरी पायी जाता येईल इतके जवळ आहे. कागदावर तिने तीन रकाने आखले होते. पहिल्यात दर रविवारच्या सराव परीक्षेचे गुण, दुसऱ्यात महाविद्यालयांची नावे, आणि तिसऱ्यात ‘शक्यता’. हा तिसरा रकाना इतक्या वेळा खोडून पुन्हा भरला होता की, कागद त्या ठिकाणी फाटला होता.

तिने मला तीन प्रश्न विचारले. “गुरुजी, माझा नंबर लागेल का?” हा पहिला. “नाही लागला तर आणखी एक वर्ष द्यावं का?” हा दुसरा. तिसरा तिने उठता उठता, चप्पल पायात सरकवीत विचारला: “नंबर लागला नाही तर मी हुशार नव्हतेच, असंच ठरेल ना?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. परंतु तो प्रश्न कसल्या गणिताचा आहे हे सांगता येते. २०२५ साली ‘नीट’ या परीक्षेस देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतील सुमारे १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरले. हा शब्द फार फसवा आहे. पात्र ठरल्याची बातमी येताच पेढे वाटणारे आईबाप मी पाहिले आहेत. वैद्यकीय पदवीच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील साधारण निम्म्याच सरकारी, म्हणजे मध्यमवर्गाच्या खिशास झेपणाऱ्या. तेव्हा दहा पात्र विद्यार्थ्यांतील नवांना मुळी खुर्चीच नाही. हे नऊ जण अभ्यासात कमी पडले असे म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पण ते सारे बृहस्पतीचे अवतार असते तरीही जागा तेवढ्याच राहिल्या असत्या.

बरे, गुणांचे तरी काय? बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास १ वजा होतो. म्हणजे एका प्रश्नावर हात चुकला की ५ गुणांचे अंतर पडते. आणि या अंतरात हजारो विद्यार्थी उभे असतात. दोघांचे गुण सारखे आले तर कोणाचे जीवशास्त्राचे गुण अधिक हे पाहिले जाते. २०२४ साली पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे ६७ विद्यार्थी निघाले. वाढीव गुणांचा घोळ, फेरपरीक्षा आणि सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी आटोपल्यावर सुधारलेल्या निकालात ते १७ राहिले. पुढच्याच वर्षी, २०२५ साली, प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि देशातील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास ६८६ गुण मिळाले. एका वर्षात देशातील मुलांची बुद्धी का घटली? गुण हे येथे बुद्धीचे माप नव्हे. रांगेत कोण कोठे उभा राहील एवढे ठरविण्याची ती एक सोय आहे. सोय आवश्यक आहे हे मी मान्य करतो. ज्याच्या हाती उद्या रोग्याची नाडी द्यावयाची, त्यास निवडूनच घेतले पाहिजे. परंतु सोयीस न्यायासन समजू नये.

मराठवाड्याच्या मुलांस या रांगेत आणखी एक दुःख होते. राज्यातील सरकारी वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातील मुलांस आणि ३० टक्के सर्व राज्यास अशी विभागणी पुष्कळ वर्षे चालू होती. आमच्या विभागात महाविद्यालये थोडी. त्यामुळे येथील मुलास जे गुण अपुरे पडत, तेच दुसऱ्या विभागातील मुलास पुरत. २०२० च्या सप्टेंबरात ही पद्धत रद्द झाली. आता दार दोन्ही बाजूंनी उघडले आहे, आणि पुण्या-मुंबईचा मुलगाही घाटीच्या जागेवर हक्क सांगू शकतो, हे मात्र आनंद साजरा करताना आम्ही विसरलो.

येथे थोडे मागे जातो. विषयांतर वाटले तर क्षमा असावी. या गावात पूर्वीच्या पिढीची चिंता निराळी होती. नंबर लागेल की नाही, ही चिंता पडण्यास आधी कॉलेज तरी हवे! निजामाच्या राज्यात औरंगाबादेस १९२३ साली इंटरमीडिएट कॉलेज निघाले. इंटरपुढे शिकावयाचे तर हैदराबादेस, १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात जावे लागे, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने रसायनशास्त्र उर्दूतून शिकावे, हीच तेव्हाची प्रवेशपरीक्षा होती म्हणा ना! १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी येथील व हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांस कॉलेजांतून व वसतिगृहांतून काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठाने आपल्यात सामावून घेतले. ज्यांचा नंबर लागून सुटला होता, अशी ती मुले. त्यांतील कित्येकांनी पुढे काय काय केले, हे या प्रांताच्या इतिहासात आहे.

१९४८ साली निजामी राजवट संपली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे कॉलेज काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. तेच आमच्या छावणीच्या शेजारचे मिलिंद महाविद्यालय. भोवतीच्या परिसरास बाबासाहेबांनी नागसेनवन असे नाव दिले. मिलिंद हा ग्रीक राजा आणि नागसेन हा बौद्ध भिक्षू. राजा प्रश्न विचारी आणि भिक्षू उत्तरे देई, अशी ती प्रसिद्ध जोडी. कॉलेजास नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. चार पर्यायांतून एकावर खूण करणाऱ्या आमच्या मुलांना प्रश्न विचारण्यास फुरसत कोठे आहे? पुढे १९५६ साली येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले, १९६० साली अभियांत्रिकी महाविद्यालय आले. आणि आले त्याबरोबरच ‘कोणास घ्यावयाचे’ हा प्रश्नही आला.

ज्यांनी मिलिंद काढले, ते बाबासाहेब १९०७ साली मुंबईस मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांस ७५० पैकी २८२ गुण होते, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. शेकडा ३८ देखील पडत नाहीत. आजच्या कोणत्याही यादीत हे नाव लागले नसते. मात्र ही गोष्ट मी त्या मुलीस सांगितली नाही. थोर पुरुषांचे कमी गुण सांगून मुलांचे सांत्वन करण्याची जी रीत पडली आहे, ती मला पसंत नाही. मूल मनात म्हणते, ‘ते थोर होते, मी नाही.’ आणि ते खरे बोलते. ही गोष्ट मी सांगतो आहे ती निवडणाऱ्यांसाठी आणि आईबापांसाठी. सयाजीराव महाराजांनी त्या तरुणास शिष्यवृत्ती दिली, ती गुणपत्रिका पाहून खास नव्हे.

आता दुसरा प्रश्न, पुन्हा एक वर्ष देण्याचा. मी स्वतः मॅट्रिक होऊन अध्यापनाच्या वर्गास गेलो आणि शाळेत लागलो. कॉलेजची पायरी चढलो नाही. तेव्हा येथे माझा अधिकार अनुभवाचा नव्हे, निरीक्षणाचा आहे. लातूर-नांदेडच्या क्लासांस पाठविलेली आमच्या आळीची मुले मी पाहिली आहेत. यशस्वी झालेली पाहिली आणि तिसऱ्या वर्षी बॅग घेऊन परत आलेलीही पाहिली. माझे मत असे बनले आहे की, पहिल्या खेपेस नेमके काय चुकले हे ज्यास बोट ठेवून दाखविता येते, त्याने दुसरी खेप अवश्य करावी. पदार्थविज्ञानाचे अमुक प्रकरण कच्चे राहिले, परीक्षेच्या आधी आजारपण आले, वेळ पुरला नाही, ही कारणे झाली. ‘नशीब’ हे कारण नव्हे. तिसरी खेप मात्र बहुधा अभ्यासासाठी नसते, ती शेजाऱ्यांसाठी असते. आणि खेप किती करावयाच्या, तीस पैसे किती लावावयाचे, हे निकालाच्या आधी घरात बसून ठरवावे. निकालाच्या दिवशी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते. तिच्या कागदावर घाटीच्या खाली दुसऱ्या महाविद्यालयांची नावे होती, पण आयुर्वेद, होमिओपॅथी यांची नव्हती, जरी त्यांचे प्रवेश याच परीक्षेच्या गुणांवर होतात. औषधनिर्माणशास्त्राचेही नव्हते, ज्याची परीक्षा वेगळी असते. “ते लिहिलं की आधीच हरल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. मी म्हटले, “बाळ, गाडी चुकली तर दुसरी कितीची आहे, हे विचारून ठेवणारा प्रवासी काय हरलेला असतो?” ती हसली नाही. उपमा तिला पटली असे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ती फारशी पटली नव्हती. डॉक्टर होणे म्हणजे केवळ दुसऱ्या गावी पोहोचणे नव्हे, हे तीही जाणून होती.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. का देता आले नाही, ते सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा सहामाही-वार्षिक परीक्षेचे गुण वर्गात मोठ्याने वाचीत असे, आणि तेही उतरत्या क्रमाने. मुलांस ईर्ष्या उत्पन्न व्हावी हा हेतू. हेतू चांगला होता, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःस सांगत आलो. निवृत्त झाल्यावर एका गुरुवारी बाजारात एक गृहस्थ समोर आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “गुरुजी, ओळखलं नाही ना? मी तुमचा एकेचाळीसावा.” मला नाव आठवेना. त्याचाही नाव सांगण्याचा आग्रह दिसला नाही. तो बैलांचा व्यवहार करतो, चांगला संसार आहे, मुले शिकत आहेत. त्याने मला चहा पाजला. बोलण्यात राग यत्किंचितही नव्हता. पण पंचवीस-तीस वर्षांनंतरही त्याने स्वतःची ओळख दिली ती त्या आकड्याने. तो आकडा त्यास मी दिला होता. त्याच्या वर्गात पहिला कोण आला होता, हे आज मला आठवत नाही.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलास ‘किती पडले?’ असे विचारू नका. तो आपण होऊन सांगेल तर ऐका. घरातील मूल जेवेनासे, झोपेनासे झाले, बोलेनासे झाले, तर ‘परीक्षा जवळ आली, चालायचंच’ असे म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेली-मानस म्हणून फोनवरून सल्ला देणारी व्यवस्था आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो कागदावर लिहून दारामागे लावून ठेवा. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. दात दुखला तर आपण लाजतो का?

पुढच्या गुरुवारी ती मुलगी पुन्हा आली. मी तिला एकेचाळीसाव्याची गोष्ट सांगितली, आणि तिच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही, मात्र ते ‘होय’ असे नाही एवढे नक्की ठाऊक आहे, असे म्हटले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “त्यांचं नाव काय होतं मग, गुरुजी?” मी म्हटले, जुने हजेरीपत्रक शाळेत असेल तर पाहून येतो. तिने कागद उलगडला, फाटलेल्या रकान्याच्या खाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि तो पुन्हा घडी घालून माझ्यापाशी दिला. येत्या रविवारी तिची सराव परीक्षा आहे. तोपर्यंत कागद आपल्याजवळ नको, असे ती म्हणाली. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि शाळेत जाऊन हजेरीपत्रक पाहावयाचे अद्याप राहिले आहे.