ओढ्याकाठी जांभूळ लावू या



ओढ्याकाठची झाडं गेली की पावसाळ्यात काठ ढासळतो, पाखरंही जातात. तिथं आपलं जांभूळ पुन्हा उभं करता येईल. मात्र त्याचं बी साठवू नका. मी एकदा गोणीभर बी उन्हात वाळवून दिवाळीपर्यंत ठेवलं. एकही उगवलं नाही. जांभळाचं बी वाळलं की मरतं.

जूनमध्ये झाडाखालची पिकली फळं वेचा. थोडी पाखरांना राहू द्या. गर धुऊन बी सावलीत निथळवा आणि आठवड्याच्या आत पिशवीत २ सेंटिमीटर खोल पेरा. एका बीतून दोन-तीन रोपं आली तर जोमदार तेवढं ठेवा. उन्हाळ्यात पाणी द्या. पुढच्या पावसाळ्यात रोप काठावर लावून काटेरी कुंपण करा.

बी आपल्यासाठी थांबत नाही. पिशव्या मे महिन्यातच भरून ठेवा.