सनदेवरील नाव

आज पदवीधर होणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

थोड्याच वेळात तुमच्या हाती जी सनद पडेल, तिच्या शिरोभागी आपल्या विद्यापीठाच्या नावात ज्या सत्पुरुषाचे नाव तुम्ही वाचाल, त्यांना शाळा लाभली नव्हती. १८७६ साली शेणगावच्या परटाच्या घरी जन्मलेला तो डेबूजी मामाकडे गुरे राखीत, नांगर धरीत वाढला, पुढे हाती खराटा घेऊन गाडगेबाबा म्हणून गावोगाव हिंडला, आणि रात्रीच्या कीर्तनात लोकांना कळवळून सांगत राहिला की भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा.

महाविद्यालयीन शिक्षण प्रत्येकाला हवेच काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो. माझे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. यवतमाळच्या कापूस बाजारात मी एका वृद्ध पारख्याला पाहिले आहे: गाडीतला मूठभर कापूस दाबून त्याने ओल सांगितली, मग चिमटीतली रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हळुवार ओढली, तंतू एकावर एक जुळवून डोळ्यांसमोर धरले आणि धाग्याची लांबी बोलून दाखविली. त्या विद्येला अविद्या म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. शेजारच्या वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असे ठरविले. आपण त्या नई तालीमीचा गौरव केला आणि मुले मात्र कारकुनीच्याच वाटेला लावली. आजही पदवी घेतलेली कितीतरी मुले तलाठ्याच्या परीक्षेसाठी शहरात खोली करून राहतात, पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात; त्यांची व्यथा मला ठाऊक आहे.

तरीही एक गोष्ट मनाला डाचते. हा प्रश्न विचारला जातो तो नेहमी दुसऱ्याच्या मुलाविषयी. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची वकिली आहे, ते स्वतःच्या मुलापुरता तो विचारीत नाहीत. पांढरकवड्याकडील कोलाम पोडावरच्या मुलीविषयी, दिग्रसच्या सालगड्याच्या मुलाविषयी विचारतात. गहुलीच्या फुलसिंग नाईकांनी असल्या शहाणपणाला कान दिला असता, तर १९१३ साली त्यांच्या घरी जन्मलेले वसंतराव नागपुरास जाऊन वकील झाले नसते, आणि १९६३ पासून अकरा वर्षे हे राज्य चालविणारा मुख्यमंत्री आपल्या यवतमाळ जिल्ह्याने दिला नसता. ज्याच्यासाठी दार उघडेच नाही, त्याला ‘आत जाण्यात काय अर्थ आहे’ असे सांगणे मी अन्याय समजतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. आपल्याकडे जूनमध्ये पेरणी आणि प्रवेश एकदमच येतात. बियाण्याच्या पिशव्या घेतल्यावर फीपुरते पैसे उरत नाहीत, आणि जातीचा दाखला, शिष्यवृत्तीची मुदत यांची माहिती कोरडवाहू शेतकऱ्याला द्यायला कोणी नसते. तुमच्या गल्लीत बारावीनंतर घरी बसलेली एखादी मुलगी असेलच. तिच्या घरच्या ओसरीवर बसा, तिचा अर्ज भरून द्या, तहसील कचेरीत तिच्या वडिलांबरोबर जा. तिला महाविद्यालय नको असेल, आयटीआयमध्ये विजेचे काम शिकायचे असेल, तर तोही अर्ज तितक्याच आस्थेने भरा. मात्र अर्ज कोणता, हे आधी तिला विचारा.